पहिला कागद

बाईवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा निकालावर आणि न्यायाधीशांवर होते. पण अशा खटल्यांचा पाया पहिल्या दोन-तीन दिवसांतच घातला जातो, आणि बहुतेक वेळा तो तिथेच खचतो. पोलीस स्टेशनच्या टेबलावर टाइप झालेली तक्रार, इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत भरलेला फॉर्म, पंचनाम्यात घ्यायची राहून गेलेली वस्तू. काही वर्षांनी उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं यांवरच बोट ठेवतो.

या कागदांवर बाई-पुरुष भेदाची छाया फार गडद असते. तक्रारदार बाई असेल तर घटनेइतकीच तिची वागणूक लिहिली जाते. अत्याचार झालेला पुरुष असेल तर त्याचं दुःख कुठल्या कलमात बसवायचं हेच कळत नाही. आणि आरोपी बाई असेल तर कायद्याने दिलेली सवलतही तिच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ती मागायला दारात कोणी आलेलं नसतं. हे सगळं गोव्यात कसं घडतं आणि कुठे थांबवता येतं, ते इथे तपशिलात लिहितो आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे कलमांचे आकडे नवे आहेत.

सुरुवात तक्रारीपासून. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही पोलीस स्टेशनवर दखलपात्र गुन्ह्याची तक्रार देता येते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ती घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. 'पणजीच्या महिला पोलीस स्टेशनवर जा' असं सांगून वाळपईच्या बाईला परत पाठवणं कायद्यात बसत नाही. लैंगिक गुन्ह्याची तक्रार बाई स्वतः देत असेल तर ती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. पीडित व्यक्ती अपंग असेल तर अधिकाऱ्याने तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी जायचं, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घ्यायचा आणि चित्रीकरण करायचं. बलात्काराच्या प्रकरणात पुढची जबानीसुद्धा पीडितेच्या घरी किंवा तिने निवडलेल्या जागी, आईवडील, नातेवाईक किंवा त्या भागातल्या समाजसेवकासमोर घ्यायची असते. चौकशीसाठी कुठल्याही बाईला साक्षीदार म्हणून पोलीस स्टेशनवर यायला भाग पाडता येत नाही, तिच्या राहत्या घरीच जावं लागतं (कलम 179). हे शेवटचं फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि मुलाला कडेवर घेऊन बायका तासन्‌तास बाकड्यावर बसून राहतात.

बलात्कार, विनयभंग अशा ठरावीक गुन्ह्यांची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. तरीही टाळाटाळ झालीच, तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, पोचपावती जपून ठेवायची, आणि तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात अर्ज करायचा. अधीक्षकांची पायरी वगळून थेट कोर्टात गेलं तर अर्ज अडतो. ही चूक नेहमी होते.

नव्या कायद्यातली एक गोष्ट बायकांच्या तक्रारींना फार जाचते. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने एफआयआरआधी 14 दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग, नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ, हे सगळे गुन्हे नेमके याच पट्ट्यात येतात. बलात्कार येत नाही. तेव्हा 'चौकशी चालू आहे' असं उत्तर मिळालं तर परवानगीचा लेखी आदेश कोणत्या तारखेचा आहे ते विचारा. परवानगीशिवायच्या चौकशीला कायद्यात जागा नाही, आणि 14 दिवसांत गावातल्या मध्यस्थांची एक फेरी सहज होऊन जाते.

आता तक्रारीतला मजकूर. गोव्यात सांगणारी कोकणीत किंवा मराठीत सांगते आणि टाइप इंग्रजीत होतं. सांगताना ती लाजेने आडून बोलते, 'छेड काढली', 'त्रास दिला', 'नको ते केलं'. लिहिणारा तेवढंच लिहितो आणि न्याय संहितेचं कलम लागतं 79 किंवा 75, दोन्ही जामीनपात्र. संशयित त्याच संध्याकाळी घरी. प्रत्यक्षात त्याने तिला धरून ओढलेलं असतं, म्हणजे कलम 74, ज्यात किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं शिक्षा आहे आणि जो अजामीनपात्र आहे. कपडे उतरवायचा प्रयत्न झाला असेल तर कलम 76, तीन ते सात वर्षं. म्हणून कुठल्या हाताने, शरीराच्या कुठल्या भागाला, कपड्यांवरून की आत, किती वेळ, काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, उजेड कुठून येत होता, आवाज ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोण होतं, सुटका कशी झाली, आणि पहिल्यांदा हे कोणाला सांगितलं, एवढं तरी तक्रारीत असायलाच हवं. शक्य असेल तर स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अक्षरात लिहून न्या आणि तोच कागद फिर्याद म्हणून जोडायचा आग्रह धरा. टाइप केलेला मजकूर आपल्या भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. एफआयआरची प्रत मोफत मिळते, आणि ती त्याच वेळी घ्यायची.

उशीर झाला असेल तर उशिराचं कारण पहिल्याच तक्रारीत लिहा. घरच्यांनी अडवलं, नोकरी जाईल अशी भीती होती, आरोपी घरमालक आहे, जे खरं असेल ते. लैंगिक गुन्ह्यात समजण्याजोगं कारण असेल तर केवळ उशिरामुळे तक्रार खोटी ठरत नाही, आणि विश्वासार्ह असेल तर पीडितेची एकटीची साक्षही पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. मात्र कारण दोन वर्षांनी कोर्टात पहिल्यांदा सांगितलं तर ते रचलेलं वाटतं.

घटनेनंतरच्या वागण्याचंही तसंच. दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आरोपीच्या संदेशाला उत्तर दिलं, फोटोत हसताना दिसते, हे मुद्दे पुढे येणारच. गोव्यातल्या एका हॉटेलात नोव्हेंबर 2013 मध्ये घडल्याचा आरोप असलेल्या प्रकरणाचा निकाल म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे 2021 मध्ये दिला. आरोपी निर्दोष सुटला. निकालपत्रात तक्रारदार तरुणी नंतर कशी वागली, फोटोत कशी दिसते याची लांबलचक चर्चा होती, तपासातल्या त्रुटींवर ताशेरे होते, आणि तिची ओळख उघड करणारा मजकूरही होता. तो काढून टाकण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला द्यावा लागला. राज्य सरकारने निकालाविरुद्ध अपीलही केलं. आरोपीला शिक्षा व्हायला हवी होती की नाही, यावर इथे बोलायचं नाही. पण अत्याचारानंतर बाईने अमुक पद्धतीनेच वागायला हवं, ही अपेक्षा साक्षीपुराव्यात कशी शिरते हे त्या निकालपत्रात दिसतं. त्याच वर्षी, 18 मार्च 2021 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा भट खटल्यात न्यायाधीशांना अशा साचेबद्ध शेरेबाजीपासून दूर राहायला बजावलं होतं, आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्यासाठी एक पुस्तिकाच काढली. माझा सल्ला इतकाच, की पीडितेने नंतर काय केलं आणि का केलं ते तिने जबानीत स्वतःच सांगावं. पगाराचा दिवस होता म्हणून कामावर गेले, संशय येऊ नये म्हणून संदेशाला उत्तर दिलं. आपल्या तोंडून आधी आलेली गोष्ट उलटतपासणीत शस्त्र म्हणून वापरता येत नाही. पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी किंवा चारित्र्याविषयी प्रश्न विचारायला साक्ष अधिनियमात मनाई आहे, तिथे सरकारी वकिलाने तात्काळ हरकत घेतली पाहिजे. हरकत घेतलेली नोंदीत यायला हवी, नुसती उभं राहून घेतलेली पुरत नाही.

वैद्यकीय तपासणीत वेळ फार महत्त्वाचा आहे. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून 24 तासांच्या आत पीडितेला डॉक्टरकडे न्यायचं असतं. पण पोलिसांच्या पत्राची वाट बघायचीही गरज नाही, बाई थेट इस्पितळात गेली तरी तपासणी आणि उपचार करावेच लागतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक इस्पितळाने बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितांवर मोफत उपचार करायचे असतात. नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. गोव्यात म्हापसा आणि मडगाव इथल्या जिल्हा इस्पितळांतून आणि बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) ही तपासणी होते.

आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 96 तासांपर्यंत नमुने घ्यावेत, पण 72 तासांनंतर काही मिळण्याची शक्यता खूप घटते. तपासणीआधी अंघोळ, चूळ, नखं कापणं, शक्य तर लघवीसुद्धा टाळावी. कपडे धुवायचे नाहीत, झटकायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत सुकवायचे आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते, आपल्या पावसाळी हवेत एका रात्रीत बुरशी धरते आणि वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत डाग कुजून जातो. पाकिटावर लाखेचं सील, सीलचा नमुना, कोणी दिलं, कोणी घेतलं, किती वाजता, या साखळीतला एक दुवा तुटला तर अहवाल अनुकूल असूनही कोर्टात टिकत नाही. कपडे पोलीस स्टेशनच्या मालखान्यात पडून राहिले आणि प्रयोगशाळेत जायला महिने लागले, असं झालं की बचाव पक्षाला सगळ्यात सोपा मुद्दा मिळतो.

डॉक्टरने काय लिहू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. 'बलात्कार झाला' किंवा 'झाला नाही' हे ठरवणं डॉक्टरचं काम नाही. जखमा नाहीत याचा अर्थ संमती होती असा होत नाही. योनीमार्गात दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये तर ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सांगितलं. 'शरीरसंबंधांची सवय आहे' हे वाक्य अहवालात दिसलं तर ते खोडून दुरुस्त अहवाल मागायचा हक्क पीडितेला आहे असं मी मानतो, आणि वकिलाने तो मागावाच. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. पुराव्याच्या धांदलीत ही दोन औषधं राहून जातात.

पहिली नोंद चुकली की काय होतं, याचं गोव्यातलं ठळक उदाहरण फेब्रुवारी 2008 चं. हणजूण किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला आणि आधी प्रकरण बुडून मृत्यू म्हणून हाताळलं गेलं. आईने पाठ सोडली नाही, दुसरी शवचिकित्सा झाली आणि अंगावरच्या जखमा पुढे आल्या. तपास सीबीआयकडे गेला. 2016 मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडलं, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी धरून 10 वर्षांची सक्तमजुरी दिली. अकरा वर्षं गेली, आणि त्या काळात मुलीच्या आईच्या राहणीवर, तिने मुलीला मागे कशी ठेवली यावर जेवढं बोललं गेलं तेवढं पहिल्या पंचनाम्यावर बोललं गेलं नाही. मला हे फार लागतं.

आता पुरुषांकडे वळतो, कारण हा विषय निघाला की मुलगे आणि पुरुष यांचं दुःख बाजूला राहतं. गोव्यातला बालकांच्या लैंगिक शोषणाचा सर्वांत गाजलेला खटला मुलग्यांचा होता. मडगावजवळ फातोर्ड्याला मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप झाली. त्या वेळी मुलग्यांवरच्या अत्याचाराला जुन्या दंडसंहितेचं कलम 377 हाच मुख्य आधार होता. पुढे गोव्याने 2003 मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, मुलगा-मुलगी भेद न करणारा, आणि राज्यासाठी बाल न्यायालय स्थापन केलं. केंद्राचा पोक्सो यायला 2012 उजाडलं, तोही मुलगा-मुलगी दोघांना सारखाच. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांत 52.94 टक्के मुलगे होते. तरी तक्रारी येतात त्या बहुतेक मुलींच्या. मुलगा सांगायला गेला की 'पोरगा आहेस, काय झालं त्याला' असं घरातूनच उत्तर मिळतं. डॉक्टरही मुलाची तपासणी अर्धवट करतात. गुदद्वाराच्या जखमा लवकर भरतात, त्यामुळे मुलग्याच्या बाबतीत उशीर आणखी महागात पडतो. शाळेत, प्रशिक्षणवर्गात, खेळाच्या मैदानावर हे कळलेल्या प्रत्येकाला पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची अंतर्गत चौकशी आधी आणि पोलीस नंतर, असा क्रम कायद्याला मान्य नाही. मुलाची जबानी त्याच्या घरी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने घ्यायची आणि आरोपी त्याच्या नजरेस पडू द्यायचा नाही.

मुलगा अठराचा झाला की मात्र कायद्याचं छत्र संपतं. नव्या न्याय संहितेत कलम 377 वगळलं गेलं आणि बलात्काराची व्याख्या पूर्वीसारखीच पुरुष आरोपी, स्त्री पीडित अशी राहिली. परिणामी प्रौढ पुरुषावर बळजबरीचा लैंगिक अत्याचार झाला तर मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं अशीच कलमं उरतात. तृतीयपंथी व्यक्तीसाठी 2019 च्या कायद्यात कलम 18 आहे, पण लैंगिक अत्याचाराला शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बलात्काराला किमान दहा वर्षं. हा फरक कुठल्याही तर्काने समर्थनीय नाही, आणि संसदेने ही पोकळी भरायला हवी.

घरगुती हिंसेच्या बाबतीत गोव्याची स्वतःची एक गुंतागुंत आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बायका सुरक्षित आहेत असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. पण अर्धा वाटा हातात पडतो तो वाटणी झाल्यावर, आणि रात्री अकराला दाराबाहेर काढलेल्या बाईला त्या वाट्याचा काही उपयोग नसतो. तिला लागतो 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचा निवासाचा आदेश. तो मिळायला घर कोणाच्या नावावर आहे हे पाहिलं जात नाही. सासऱ्याच्या नावावरचं असो की भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत राहणाऱ्या कुळाचं मुंडकार घर असो, ती तिथे संसार करत राहिली असेल तर ते सामाईक घरच धरलं जाऊ शकतं. 2020 च्या सतीश आहुजा निकालाने हे पक्कं केलं.

अर्ज जेएमएफसी कोर्टात, कलम 12 खाली. पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असण्याची अट नाही. ती तात्पुरती माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून कलम 23 खाली अंतरिम आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी सोबत जोडायचा. सिव्हिल रजिस्ट्रारकडची विवाहनोंदीची प्रत, मुलांच्या शाळेची पावती, वीजबिल, वैद्यकीय कागद, आणि 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर सक्तीचं झालेलं उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र हवं. हे प्रतिज्ञापत्र नसलं की पोटगीचा भाग तिथेच रखडतो. आदेशाची मोफत प्रत हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जाते, ती पोहोचली का ते स्वतः पाहा. आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. संरक्षण अधिकाऱ्याचं काम गोव्यात बराच काळ गटविकास अधिकाऱ्यांकडे जोडून दिलेलं होतं. पंचायतीची कामं, योजना, निवडणुका आणि त्यातच मारहाण झालेल्या बाईचा अहवाल. अशा टेबलावरून घरगुती घटनेचा अहवाल नीट भरून यावा ही अपेक्षाच अवास्तव होती.

इथे सर्वांत मोठं नुकसान करणारं वाक्य असतं 'जिन्यावरून पडले'. मारहाणीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई हेच सांगते, नवरा शेजारी उभा असतो. ते वाक्य केसपेपरवर जातं आणि कायमचं राहतं. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी नवऱ्याला बाहेर बसवून पुन्हा विचारावं, आणि जखमेचं माप, रंग, जागा लिहून ठेवावी. कारण खोटं सांगितलं गेलं तरी दंडावरच्या चार बोटांच्या खुणा जिन्याने होत नाहीत, हे कोर्टाला वाचता येतं. तक्रारीत सासरच्या सगळ्यांची नावं एकाच वाक्यात ओवणंही टाळा. कोणी, कधी, काय केलं हे प्रत्येकापुढे लिहिलं नसेल तर उच्च न्यायालयात ती नावं गळतात आणि खऱ्या दोषीविरुद्धची केसही हलकी होते.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून व्हायला हवी. गोव्यात उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार येतात. माहेरच्यांनी त्या वेळी हजर राहावं आणि आपलं म्हणणं लेखी द्यावं. अंत्यविधी आटोपल्यावर सुचलेली शंका सिद्ध करणं फार कठीण जातं.

कामाच्या ठिकाणच्या छळाविषयी एवढंच. तक्रार तीन महिन्यांत, दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, चौकशी 90 दिवसांत. घाईही घातक ठरते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या बडतर्फीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी रद्द केला, कारण समितीने घाईघाईत सुनावण्या उरकल्या आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. तक्रारदारांच्या पदरी काय पडलं याचा विचार समितीवर बसणाऱ्यांनी करावा.

वेश्याव्यवसायाच्या छाप्यांत तर कायद्यातच भेद लिहिलेला आहे. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम 8, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं. बाईला पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. वास्कोतली बायणाची वेश्यावस्ती जून 2004 मध्ये पाडली गेली, धंदा मात्र भाड्याच्या खोल्या, हॉटेलं आणि फोनवर विखुरला. तिथून सोडवलेल्या बायकांसोबत काम करणाऱ्या वास्कोच्या 'अर्ज' संस्थेने त्यांच्यासाठी लाँड्री उभी केली. कमाईचा पर्याय नसेल तर सुटका चार महिन्यांत उलटते, हे त्यांना कळलेलं आहे.

छाप्यात किमान दोन महिला पोलीस आणि पंचांत किमान एक बाई हवी. सुटका झालेल्या बाईची चौकशी महिला अधिकाऱ्यानेच करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला सदस्यासमोर. मग दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करून मेरशीच्या संरक्षणगृहात रवानगी होते. खटला पडतो तो नंतर. बाई पश्चिम बंगाल, नेपाळ, बांगलादेश किंवा उझबेकिस्तानची असते, ती घरी जाते, आणि साक्षीची तारीख लागते तेव्हा तिचा पत्ता बदललेला असतो. दलाल सुटतो. यावर उपाय दोनच. ती गोव्यात असतानाच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब नोंदवून घ्यायचा, आणि जाण्याआधी तिच्या गावच्या संस्थेचा, घरातल्या दोन माणसांचा संपर्क घेऊन व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्षीचा अर्ज आधीच तयार ठेवायचा. आणि स्वखुशीने या धंद्यात असलेल्या प्रौढ बाईला संरक्षणाच्या नावाखाली महिनोन्‌महिने कोंडून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलेलं आहे.

शेवटी आरोपी बायका. देशभरातल्या तुरुंगांत 2022 अखेर 5,73,220 कैदी होते, त्यांत बायका 23,772, म्हणजे सुमारे चार टक्के. संख्या इतकी लहान की तुरुंगाची सगळी रचना पुरुषांसाठी आणि बायकांसाठी एक कोपरा. गोव्यात तो कोपरा कोलवाळच्या कारागृहात आहे. अटकेचे नियम मात्र कडक आहेत. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी, लेखी अहवाल आणि जेएमएफसींची आधी घेतलेली परवानगी. झडती फक्त बाईनेच घ्यायची. किनारपट्टीवरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणांत हाच नियम एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 50 मध्ये आहे. छापा पथकात महिला शिपाई नव्हती, मग ती कधी आली, तोवर बाईला कोणी धरून ठेवलं, हे पंचनाम्यात वेळेसह नसलं की झडतीच वादात सापडते. खोली तिच्या नावावर आणि पुडी मित्राची, हा प्रकार नेहमीचा. दहा ग्रॅमपेक्षा जास्त एमडीएमए सापडलं की ते व्यावसायिक प्रमाण होतं आणि कलम 37 ची जामिनाची कठोर अट बाईलाही तशीच लागू होते. तिच्या वकिलाने पहिल्याच अर्जात खोलीची चावी कोणाकडे होती, बॅग कोणाची, भाडं कोण भरत होतं, हे कागदानिशी मांडायला हवं.

इतर अजामीनपात्र गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 480 न्यायालयाला बाईला जामीन देण्याची वेगळी मुभा देतं. जामीन मंजूर होतोही. पण मग स्थानिक हमीदार लागतो, आणि तो नसतो. पुरुष कैद्याला भेटायला आई, बायको, बहीण येते. बाईला भेटायला फारसं कोणी येत नाही. कर्नाटक, ओडिशाहून कामाला आलेल्या, घरच्यांनी नाव टाकलेल्या बायका जामीन मिळूनही आत राहतात, सोबत सहा वर्षांखालचं मूल असेल तर तेही. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर अट सैल करायचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. अट बदलून मागताना अर्जात तिचं काम, पगार, गोव्यात राहिल्याची वर्षं, मुलांची वयं, आणि स्थानिक हमीदार का मिळत नाही हे स्पष्ट लिहावं, आणि मागणी ठेवावी ती वैयक्तिक जातमुचलक्याची, नाहीतर हमीदार शोधण्यासाठी ठरावीक मुदतीच्या तात्पुरत्या जामिनाची.